उभं राहण्याचा तास

१९ जानेवारी
आज दहावीच्या वर्गात मुद्दाम अन्याय केला. फळा पुसायचा राहिला मगनकडून, शिक्षा नवनीतला दिली. मग वाट पाहिली. ज्याला पटत नाही त्याने उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं — एवढाच नियम. धैर्य वाचून येत नाही, पायांना सवय लागते, असं मी शिक्षकांच्या खोलीत म्हणालो होतो. हसले होते सगळे.
कामिनी उठली. हाताने बाक घट्ट धरला होता. म्हणाली, "सर, हे बरोबर नाही."
शिक्षा मागे घेतली, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

२ फेब्रुवारी
पुन्हा कामिनीच. मागून भाग्येश म्हणाला, "बस वो माय, सर नाटक करी ऱ्हायनात." वर्ग हसला. मीही हसलो. तिने वाक्य पूर्ण केलं, मगच बसली.
मुख्याध्यापकांनी फोटो काढले. संस्थेच्या ग्रुपवर टाकले.

१० मार्च
उद्या दहावीचा गणिताचा पेपर. केंद्र आमच्याच शाळेत; माणसं कमी, म्हणून माझ्या वर्गावर मीच पर्यवेक्षक. मुख्याध्यापक योगेंद्र सरांनी बोलावून घेतलं. एका गुणाच्या प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीवर येतील, ती वर्गाला सावकाश वाचून दाखवायची. "निकाल पडला तर तुकडी जाते. तुकडी गेली तर कमी होणाऱ्या शिक्षकांत पहिलं नाव कोणाचं?"
माझं. सगळ्यात नवा मीच.
म्हणालो, बघतो.
बघतो!

११ मार्च
वाचली.
तिसऱ्या उत्तराला कामिनी उठली. "सर, हे बरोबर नाही."
कोणी हसलं नाही. पेनं थांबली. ती घाबरलेली नव्हती. आता मी चिठ्ठी खिशात टाकणार, अशी तिला खात्री असावी. उभं राहण्याच्या तासाला आजवर असंच होत आलं होतं.
"बस खाली. वेळ जातोय."
ती उभीच. बहुतेक मला आणखी एक संधी देत होती.
"कामिनी, बस."
बसली. मी पुढचं उत्तर वाचलं.

१२ मार्च
तिची आई सिंधुबाई घरी आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणाली, वर्गातलं कोणी कामिनीशी बोलत नाही. भाग्येशच्या घरून निरोप आलाय — बोभाटा होऊन आमच्या पोराचे मार्क गेले तर बघून घेऊ.
"सर, तुम्हीच शिकाडं ना तिले उभं ऱ्हावाले? मंग बस कसं म्हंतस?"
मी म्हणालो, तिला जरा समजवा.
"काय समजाडू?"
पाणी आणायला आत गेलो. बाहेर आलो तर ती गेलेली.

१३ मार्च
कामिनी पेपरला आली. माझ्याकडे पाहिलं नाही.

२६ मार्च
गोष्ट तालुक्याला, तळोद्याच्या बाजारात पोचली, तिथून वर बोर्डापर्यंत. उद्या चौकशी. दोन अधिकारी येणार, आधी मला विचारणार, मग कामिनीला. तिने माझं नाव घेतलं तर माझी नोकरी संपली.
योगेंद्र सर म्हणाले, "तुम्ही फक्त नाही म्हणा. पोर ती, बावरेल."
संध्याकाळी कबुली लिहायला बसलो. पानभर झाली. वाचून पाहिली — भाषा चांगली उतरली होती. म्हणूनच फाडली.

२७ मार्च
मी नाही म्हणालो.
मग तिला बोलावलं. मी व्हरांड्यात, दार उघडं. साहेबांनी विचारलं, उत्तरं कोणी वाचली? ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "कोणीच नाही. माझीच चूक झाली ऐकण्यात. सर चांगले आहेत."
मला हायसं वाटलं. आधी तेच वाटलं.