टोमॅटोतला झेंडू

कळंबा,
मंगळवार

प्रिय क्रांती,

फोनवर तू नुसतं हं हं करतेस. शेजारी तुझी थोरली जाऊ बसलेली असते आणि तिचे टवकारलेले कान मला इथून दिसतात. म्हणून लिहितेय. पत्र काही ती उघडणार नाही. चिमणाबाईला वाचायचा कंटाळा आहे, हे आपल्यावर देवाचे उपकार.

तुझ्या मालकांना, उदयसिंहभाऊंना, जाऊन दीड महिना झाला. त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेल्या दहा गुंठे टोमॅटोला फुलं लागलीत आणि मधल्या ओळींतला झेंडू पिवळाधमक झालाय, असं तू म्हणालीस. यंदा तुम्ही दसरा केला नाही, त्यामुळं एक फूलही तुटलं नाही. त्यावर चिमणाबाईचं बोलणं तू मला सांगितलंस. "घरातला माणूस गेलाय आणि हिच्या रानात लगीन लागल्यागत फुलं डोलाय लागल्यात. लोकं शेण घालतील की तोंडात." आणि तू तिला काय म्हणालीस, तर रविवारी उपटून टाकते.

कोण हे लोक, क्रांती? मी त्यांना ओळखते. मयताला येताना चपला चांगल्या घालून येतात आणि जाताना त्याच आहेत ना बघून जातात. बाराव्याला भाजीत मीठ कमी पडलं हे त्यांना वर्षभर आठवतं, गेलेल्या माणसाचं वय मात्र आठवत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावानं विधवांच्या प्रथा बंद केल्याचा ठराव केला, तेव्हा हेच लोक पेपर वाचून माना डोलवत होते. माझ्या लिंगायत समाजात तर दर जयंतीला बाईपुरुष समान म्हणून दीड तास भाषण होतं. भाषण देणाऱ्याची बायको तेवढा वेळ मागं दोनशे माणसांचा भात उपसत असते.

आता तुझा शहाणा भाचा विश्वजित. राजारामपुरीत त्यानं फ्लॅटवाल्यांसाठी बागेचा क्लास काढलाय, भिंतीवर तक्ता लावलाय. मी बघून आले. टोमॅटोची मैत्रीण तुळस, गाजराची मैत्रीण कांदा, बडीशेपेचं कुणाशी पटत नाही, सगळ्यांना बाण काढलेले. जणू सोयरिकीच जुळवतोय. तो तुला म्हणे सांगतो, मावशी, झेंडू काढला तरी चालेल, त्या जागी परदेशी तुळस लावू, म्हणजे फुलांचा प्रश्नच मिटला. त्याला विचार, टोमॅटोच्या फळात शिरणारी अळी त्यानं तळहातावर घेतली आहे का कधी. कुंडीत चार रोपं लावणारा माणूस दहा गुंठ्यांना सल्ला देतो आणि आपण ऐकून घेतो, कारण तो चष्मा लावतो.

मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं कळंब्याच्या वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि आमच्या मालकांच्या हाताखाली शिकले. शिरोलीच्या फाउंड्रीतून तापून आलेला माणूस, पण आल्या आल्या घरात न शिरता आधी वाफ्यात जायचा. त्यांनी मला दाखवलं की झाडांत मैत्री वगैरे काही नसते. झेंडू टोमॅटोवर माया म्हणून उभा राहत नाही. अंडी घालायला आलेल्या पतंगाला टोमॅटोपेक्षा झेंडूची कळी जास्त आवडते, एवढंच. तो तिथं अंडी घालतो, अळी झेंडू खाते, टोमॅटो वाचतो. पण टोमॅटो फुलायच्या वेळी झेंडूही फुललेला पाहिजे, म्हणून झेंडूचं बी पंधरा दिवस आधी टाकायचं. भाऊंनी ते आधी टाकलं होतं. बांधाकडेला धने आणि बडीशेप सोडली होती, त्यांच्या फुलांवर मावा खाणारे ढालकिडे येतात. ती फुलं त्यांनी शोभेला लावली नव्हती. तो त्या रानाचा पहारा आहे, आणि तू तो रविवारी उठवायला निघालीस.

पुढं काय होईल तेही लिहिते. पंधरा दिवसांत अळी टोमॅटोत शिरेल. पिकल्यावर वरून फळ लालबुंद, देठाशी बारीक भोक, आत घाण. मग तुझे दीर बांधावर उभे राहून मोठ्या मनानं म्हणतील, वहिनी, तुम्हास्नी हे झेपायचं न्हाय, ऊस लावून टाकूया. ऊस लागला की ते रान तुझं राहिलं नाही असं समज.

हे मला ठाऊक आहे, कारण आमच्या रुद्राप्पाभावजींनी मला हेच शब्द ऐकवले होते. "तुम्ही आता निवांत बसून खावा," असंही वर म्हणाले. सहा वर्षं मी बसून खातेय. मागच्या दारी दोन वाफे आहेत, त्यात चार वांगी लावते आणि लोकांना सांगते की शेती करते.

सहा वर्षं मी तुला सांगत आले, की त्या साली औषध भेसळीचं निघालं म्हणून आमचा टोमॅटो गेला. तू दुकानदाराला शिव्याही दिल्यास. दुकानदाराचा काही दोष नव्हता, क्रांती. मालकांना माती दिल्यावर विसाव्या दिवशी आमच्या नणंदबाई, आक्का, अंगणात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नवरा मातीत आणि हिचा झेंडू वर." दुसऱ्या दिवशी उजाडताना रानात गेले आणि सगळा झेंडू माझ्या हातांनी उपटला. एवढी नेटकी, की मुळांची माती झटकून परत सरीत टाकली. आक्काचा मला राग येत नाही, ती आहेच तशी. किळस येते ती माझी मला. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नसतं, पण तू रविवार म्हणालीस. मी शनिवारीच संध्याकाळच्या बसनं येतेय, चार दिवस राहीन. चिमणाबाई बांधावर आली तर तिच्याशी मी बोलेन, तू टोमॅटोला काठ्या बांध. तोवर एकटी रानात जाऊ नकोस. आपण उपटायचं ठरवत नसतो गं, नुसतं बघायला म्हणून जातो, आणि हात खाली जातात.

तुझीच,
नीलम्मा