दोन फळ्यांची खोली

८ जानेवारी, सोमवार

लंबक! मला पोरं लंबक म्हणतात! आणि ही बातमी मला कळते कुठून, तर घरी, सासूबाईंकडून. त्यांना गिरणीत दळणाच्या रांगेत कळली. "अगं, तू म्हणे या भिंतीकडून त्या भिंतीकडे जातेस नि येतेस. बरं नाव आहे की. मला तर वाटलं काही वाईट ठेवलं असेल."

वाईट नाही तर काय? आणि हौस म्हणून जाते-येते का मी? नववी नि दहावी एका खोलीत. नववीचं तोंड दाराकडच्या फळ्याकडे, दहावीचं खिडकीकडच्या. पाठीला पाठ. मधे मी. अर्धा तास नववीला गणित, तोवर दहावी लिहितेय. मग दहावीला विज्ञान, तोवर नववी लिहितेय. मागे वळायचं नाही हा नियम. भाषा नि इतिहास मुख्याध्यापक घेतात, तेही असेच. खालच्या वर्गांना स्वतःच्या खोल्या आहेत, स्वतःचे शिक्षक आहेत. त्यांना कोण कशाला नावं ठेवतंय!

आज शिक्षण कार्यालयातून फोन आला. पुढच्या शुक्रवारी साहेब येणार. पालकांची नि मुलांची मतं ऐकणार. मग ठरवणार, नववी-दहावी इथे ठेवायची की पोरांना बसने शहरातल्या मोठ्या शाळेत धाडायचं.

मुख्याध्यापक म्हणाले, "बघू." ते कशालाही "बघू"च म्हणतात. छप्पर कोसळलं तरी खालून "बघू" ऐकू येईल.

९ जानेवारी

स्कूटर पंक्चर. गॅरेजवाल्याकडे नेली. त्याची मुलगी नववीत आहे, शिवाय हा पालकसभेचा पुढारी. चाक काढता काढता म्हणे, "बाई, राग मानू नका—" हे असं सुरू झालं की समजावं, आता राग येणार.

"पोर माझी अर्धा दिवस तुमच्याकडे पाठ फिरवून बसते. पाठ फिरवून कोणी शिकलंय का कधी? दोन वर्ग एकदम, म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या!"

मी म्हटलं, "मग तुम्ही येता का एका वर्गावर?"

"मी गाड्या दुरुस्त करतो, बाई. पण एका वेळी एकच गाडी उघडतो."

पंक्चर मात्र झकास काढलं मेल्याने.

१० जानेवारी

मुलांनी साहेबांसमोर मत कसं मांडायचं, याचा सराव घ्या असा मुख्याध्यापकांचा हुकूम. मताचा सराव! घेतला. एकेक उठला नि पोपटासारखा, "आमची शाळा मला खूप आवडते. आमचे शिक्षक मन लावून शिकवतात." बसला. पुढचा उठला, तेच.

शेवटी नर्सबाईंचा मुलगा, दहावीतला, उभा राहिला. "बाई, खरं बोलायचं की छान?"

"छान," मुख्याध्यापक दारातून म्हणाले.

"खरं," मी म्हटलं.

मग काय, धरणच फुटलं. मुतारीचा नळ गळतो. खिडकी लागत नाही. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, नि त्याची किल्ली सापडत नाही. मैदानावर गवत. घंटा वाजवायला कोणी नसतं. एवढी यादी, नि शिकवण्याबद्दल चकार शब्द नाही! ना बरा ना वाईट. नळावर मत आहे, खिडकीवर मत आहे, मी एवढा घसा फोडते त्यावर काहीच नाही. वाईट वाटलं. घरी येऊन तोंड धुतलं नि सासूबाईंना सांगितलं, डोळ्यांत खडू गेला.

११ जानेवारी

नववीची चाचणी तपासली. देवा!

अपूर्णांक येत नाहीत. नववीत! अर्धी पोरं वजाबाकीचं चिन्ह प्रवासात हरवून येतात. आणि संध्याकाळी फाटकाशी नर्सबाई भेटल्या. गोड बोलून म्हणाल्या, "तुम्ही चांगलं शिकवता हो, पण तुमच्या एकटीने काय होणार? सोय नको का काही? आम्ही मुलाचं नाव आधीच शहरात घालायला हवं होतं." आणखी दोघी उभ्या होत्या, त्यांनी माना डोलावल्या.

राग कशाचा येतो सांगू? त्यांचं खोटं असतं तर भांडले असते. आपलेच दात, आपलेच ओठ.

१२ जानेवारी

टाकला बदलीचा अर्ज! शहरातल्या शाळेत. एक वर्ग, एक फळा, एक तोंड.

कारणाच्या जागी लिहिलं, "एका खोलीत दोन वर्ग शिकवणे म्हणजे कोणालाच न शिकवणे. यात एकाही विद्यार्थ्याचे भले होत नाही." दोनदा वाचलं. बरं वाटलं. हे म्हणाले, "अगं, रात्रभर थांब, उद्या बघ." मी म्हटलं, घरात एक 'बघू' पुरे, शाळेत एक आहेच. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली नि दुपारच्या टपालात घातला. एरवी यांना एक कागद हलवायला महिना लागतो!

हुश्श.

१६ जानेवारी

आज विचित्रच झालं. दहावीला समीकरण दिलं होतं, मोठं, वेडंवाकडं. सगळे ढिम्म. मी विचारतेय, पहिली पायरी काय? आणि मागून आवाज— "आधी कंस सोडवायचा, मग डावीकडचा क्ष उजवीकडे न्यायचा."

वळून बघते तर गॅरेजवाल्याची मुलगी. नववीतली! तोंड तिच्याच फळ्याकडे, हातात पेन्सिल, मान खाली. नियम पाळून बोलत होती!

मी काय करावं? ओरडले. "तू तुझं कर!"

तिने उत्तर बरोबर दिलं होतं. दहावीचं उत्तर, फळा न बघता. नुसतं ऐकून. कधीपासून ऐकतेय ही? आणि ही एकटीच ऐकतेय का?

१७ जानेवारी

मुद्दाम करून बघितलं. नववीला अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकवले. सांगता सांगता तिरक्या नजरेने दहावीकडे बघत होते. लेखन करा म्हटलेलं, नि निम्म्यांच्या पेन्सिली थांबलेल्या! नर्सबाईंचा मुलगा तर मान हलवत होता, हं, हं, असं असं.

या पोरांच्या पाठीला कान फुटलेत. मला इतक्या वर्षांत दिसलं नाही, कारण मी कायम पुढच्यांकडे बघत होते.

१९ जानेवारी, शुक्रवार

सगळं लिहून ठेवते. नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

साहेब आले. ओसरीवर बैठक ठेवली होती, पण वारा असा सुटला की सतरंजी उडायला लागली. म्हणून सगळे आत, आमच्याच खोलीत. साहेब म्हणाले, पालक बोलताना मुलं नकोत. मुख्याध्यापक म्हणाले, "मुलं त्या फळ्याकडे तोंड करून बसतील, साहेब. सवय आहे त्यांना. ती काही ऐकत नाहीत." मी मधल्या स्टुलावर. ओठ आत ओढून बसले.

पालक मग मोकळेपणी बोलले. गॅरेजवाला म्हणाला, बंद करा, पाठ फिरवून कोणी शिकत नाही. नर्सबाई म्हणाल्या, सोय नाही, मुलाचा पाया कच्चा राहिला. एक आजी म्हणाल्या, नात बसने गेली तर परत अंधारातच येणार, पण शिक्षणासाठी सोसू. एकेक शब्द पोरांच्या पाठीवर पडत होता. एकही पाठ हलली नाही.

मग मुलांची पाळी. गॅरेजवाल्याची मुलगी उठली, तोंड अजून भिंतीकडेच.

"बाळ, इकडे बघून बोल," साहेब म्हणाले.

"सवय नाही, सर." खोली हसली. मग वळली, नि बोलली सरळ बापाशी. "बाबा, तुम्ही म्हणालात पाठ फिरवून कोणी शिकत नाही. मी पाठ फिरवूनच दहावीचं निम्मं बीजगणित शिकले. विचारा काहीही."

साहेबांनी दहावीचं पुस्तक उघडून खरंच विचारलं. तिने फळ्यावर करून दाखवलं. गॅरेजवाला हातातली टोपी उलटी-सुलटी करत होता.

नर्सबाईंचा मुलगा म्हणाला, "आई, माझा पाया कच्चाच होता. नववी मला कळलीच नव्हती. यंदा मागून पुन्हा ऐकली, तेव्हा कळली. शहरात नववी पुन्हा कोण ऐकवणार?" नववीतल्या एकाने सरळ सांगितलं, मला शहरातच जायचंय, तिथे मैदान आहे. सांगू दे, खरं बोलला. आणि दहावीतली एक तोंड भरून म्हणाली, "नळ दुरुस्त करा, पण आमच्या लंबक— म्हणजे बाई— त्या राहू देत."

मी हसले नि रडले. खडूबिडू काही गेला नव्हता.

गॅरेजवाला उभा राहिला. "साहेब, माझं मघाचं मत खोडा." मग नर्सबाई. मग हात वर झाले. सगळे पालक शाळेच्या बाजूने! निघताना मी साहेबांना म्हटलं, "माझंही मत लिहून घ्या ना." ते म्हणाले, "तुमचं आलंय आमच्याकडे."

आनंदात होते. मान डोलावली.

२० जानेवारी

दात घासताना डोक्यात उजेड पडला. अर्ज!

धावत शाळेत. मुख्याध्यापकांना म्हटलं, परत मागवा, आत्ताच्या आत्ता. कार्यालय बंद, शनिवार. "सोमवारी फोन करतो. बघू." मी टेबलावर हात आपटला. त्यांच्या चहाची बशी खाली पडली.

२२ जानेवारी

फोन उचलत नाहीत. स्वतः गेले. कारकून म्हणाला, कागद पुढे गेला, आता वरूनच येईल. मागे घेतल्याचा अर्ज लिहून दिला. त्याने तो ट्रेमध्ये ठेवला. ट्रे भरलेला.

२५ जानेवारी

गॅरेजवाल्याने रविवारी येऊन नळ दुरुस्त केला म्हणे. खिडकीलाही कडी बसवली. स्कूटर दिसली की लांबूनच हात करतो. कसं बघू त्याच्याकडे?

१ फेब्रुवारी

निर्णय आला. पालकांचे मत अनुकूल. विद्यार्थ्यांचे मत अनुकूल. "तथापि, संबंधित वर्गशिक्षिकेच्याच लेखी मतानुसार, एका खोलीत दोन वर्ग शिकवणे म्हणजे कोणालाच न शिकवणे." नववी-दहावी जूनपासून शहरात. खाली एक ओळ, माझी बदली मंजूर.

मुख्याध्यापक पहिल्यांदाच "बघू" म्हणाले नाहीत.

उद्या वर्गात सांगायचंय. कोणत्या फळ्याकडे तोंड करून सांगू?