पुलाचा मधला खांब

३ तारीख, सोमवार
लेकीच्या वर्गशिक्षिकांचा फोन. मुलगी हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही म्हणे. बारा वर्षांच्या मुलीत आत्मविश्वास कसा भरायचा, हे मला कुणी शिकवायला नको. ऑफिसात टीमवर्कचं ट्रेनिंग मीच देतो. लोक झोपतात, पण ते आधीच दमलेले असतात. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला दोन मैत्रिणींबरोबर पुठ्ठ्याचा पूल करायचाय. म्हटलं, आपण करू! ती म्हणाली, आम्ही करतोय बाबा, तू पेपर वाच. ‘आम्ही’त मी नाही. व्याकरणापासून सुरुवात करावी लागणार.

५ तारीख, बुधवार
तिघी हॉलभर पसरल्या होत्या. मी फक्त बघणार होतो. बघता बघता दोन खांब कापले. दोन्ही आखूड. पट्टीच खराब आहे. चष्मेवाली मैत्रीण म्हणाली, असू दे काका, छोट्या नदीला चालतील. लेक गप्प. हाच तो आत्मविश्वासाचा अभाव.

६ तारीख, गुरुवार
मोठं यश! लेक आपणहून म्हणाली, बाबा, आपण आता स्वयंपाकघरात बसावं. आपण! तडक जाऊन बसलो. वाट पाहिली. ती काही आली नाही. बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, अहो, ते आदराचं ‘आपण’ होतं. एरवी ‘तू’ म्हणते ना, मग समजा काय ते.

८ तारीख, शनिवार
रुसलो नव्हतो. भूक नव्हती, इतकंच. संध्याकाळी तिघींनी बोलावून अत्यंत जबाबदारीचं काम दिलं. गोंद वाळेपर्यंत मधला खांब धरून बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. विशेषतः बोलायचं नाही. पाठ कामातून गेली. पण टीमला माझी किंमत कळली.

११ तारीख, मंगळवार
प्रदर्शन. परीक्षकांनी विचारलं, एकत्र काम करताना काही अडचण आली का? माझी लेक पुढे झाली. आवाज काय खणखणीत! म्हणाली, हो, माझा बाबा. मध्येमध्ये करायचा. नको म्हटलं तर तोंड पाडून बसला. म्हणून आम्ही त्याला एक खांब धरायला दिला. तो खांब आदल्या दिवशीच वाळला होता.
हॉल हसून लोटपोट. तिची मान ताठ.
नंतर वर्गशिक्षिका मुद्दाम भेटायला आल्या. काय धीट झालीय हो, घरी नेमकं काय केलंत?
काही नाही, म्हणालो.
त्यांना तो विनय वाटला.