पाट्या खोटं बोलतात

३ नोव्हेंबर
"पाट्यांनी फसवलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! आपल्या पूर्वजांच्या पराक्रमावर कुणीतरी खुशाल चुना फासतं, आणि आपण त्या चुन्यापुढे उभे राहून फोटो काढतो!"
— सुरुवात हीच. दहा तारखेला पुलाच्या स्मारकापाशी भाषण आहे. तोवर वाटेतल्या ऐतिहासिक जागा बघत जायचं. लेक चालवतेय. गाडीतच ओटा, गाडीतच पलंग. हे तिला 'घरगाडी' म्हणतात आणि पाण्याची टाकी भरल्याशिवाय हलू देत नाहीत.

४ नोव्हेंबर
किल्ला. गाइड म्हणाला, आतला दाणागोटा संपला म्हणून किल्ला पडला. मी म्हटलं, साफ खोटं! दरवानानं फितुरी केली, दरवाजा आतून उघडला! चांगलीच जुंपली. लेक बाजूला घेऊन म्हणते, "आई, ते दुसऱ्या किल्ल्याचं गं." मला शिकवते! जिचं अख्खं बालपण माझ्या सभांच्या मांडवात गेलं, ती!
हे चष्मा पुसत बसले. स्वच्छ असलेला चष्मा!

५ नोव्हेंबर
जुना तुरुंग. "तू गाडीतच थांब, मी तिकिटं काढून येतो." बराच वेळ पत्ता नाही. पडदा सारून पाहिलं — तिकीटखिडकी डावीकडे, आणि हे उजवीकडे, गाइडबाईच्या कानाशी!
आत गेल्यावर ती बाई माझ्या प्रत्येक वाक्याला, "बरोबर आहे मॅडम." वाद नाही, हू की चू नाही. असा गाइड मला आयुष्यात भेटलेला नाही. काहीतरी शिजतंय.

६ नोव्हेंबर
दीपगृह. पुन्हा हेच पुढे, पुन्हा "बरोबर आहे मॅडम".

७ नोव्हेंबर
लेक फोनवर, माझ्याकडे पाठ करून : "आयोजकांना सांगा, तिला दहाच मिनिटं द्या." मी खाकरले. लगेच, "अगं, गॅस सिलिंडरचं बोलत होते." सिलिंडरला दहा मिनिटं!
माझं तोंड बंद करायचा डाव आहे. भल्याभल्या मंत्र्यांना ते जमलं नाही. पण घरचेच फितूर झाले तर कुणाविरुद्ध सभा घेऊ?

८ नोव्हेंबर
सापळा लावला. शस्त्रांच्या संग्रहालयात मुद्दाम ठोकून दिलं — "ह्या तोफा पाण्याखालून डागत!" गाइडनं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "हो मॅडम. पाण्याखालून."
पकडले! गाडीत ह्यांना फैलावर घेतलं. "काय पढवता हो त्या लोकांना? कुणाला सामील झालात?"
"अगं, आधी चहा घे."
घेतला नाही.

९ नोव्हेंबर
पुलाचं स्मारक. पाटी वाचली आणि डोकंच फिरलं. 'शत्रू गावात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनीच आपला पूल पाडला.' काय हा निर्लज्जपणा! पूल शत्रूनं पाडला, शेंबडं पोरही सांगेल! शाळेची सहल आली होती. सगळ्यांना गोळा केलं. "मुलांनो, ज्यानं हे लिहिलं त्याला इथं आणून उभं करा!"
लेकीनं हात धरला. "आई, चल ना गं." का चलू? लेखकाचं नाव बघायला खाली वाकले.
बारीक अक्षरात माझं नाव. माझंच.
हे जवळ आले. "'वाद घालू नका, हो म्हणा' — एवढंच सांगत होतो मी सगळ्यांना. कुणी तुला हसू नये म्हणून गं."
"कधीपासून असं होतंय?"
हे चष्मा पुसायला लागले.
लिहिल्याचं आठवत नाही. एक अक्षर आठवत नाही.

त्याच दिवशी, नंतर
आज वही मिटत नाही. उघडीच ठेवते, तुमच्या चष्म्याखाली. अहो, वाचा. भाषण रद्द करायचं नाही. उद्या पहिल्या रांगेत बसा. मी चुकले की उभे राहा आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणा — "चूक!"