शेवटच्या ओळीचा भाव

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

चार लाखाला एक डिसमिल! आकडा ऐकून बाबा गाडी वळवायलाच निघाले. मी हँडल धरलं. म्हटलं, थांबा, आधी डिसमिलचे फूट करू.

रायपूरबाहेर, बीरगांवच्या पुढे नवी कॉलनी पाडताहेत. मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेषा, मधेमधे खांब. प्लॉट विकणारा शिशिर भैया पहिल्या ओळीचा भाव फुटावर सांगतो आणि शेवटच्या ओळीचा डिसमिलवर. माणूस गोंधळणार नाही तर काय? मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. एकरात ४३,५६० फूट. त्याचा शंभरावा भाग डिसमिल — ४३५.६ फूट.

पहिली ओळ, दार पूर्वेला : हजार फूट, फुटाला ११५०. साडेअकरा लाख.
शेवटची ओळ, दार दक्षिणेला : पावणेतीन डिसमिल, म्हणजे ११९८ फूट. अकरा लाख. फुटाला ९१८.

पन्नास हजार कमी आणि जवळजवळ दोनशे फूट जास्त! मी विचारलं, दोष काय जमिनीत? शिशिर भैया हसला. "दोष कुछ नहीं दीदी. साउथ फेसिंग है. लोग वास्तु देखते हैं."

लोक बघोत. आमच्या घरात वास्तू कोणी मानत नाही. घरी आल्यावर प्रशिक म्हणाला, "दीदी, तू तो पटवारी बन जा." माझा भाऊ, मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीतच.

४ नोव्हेंबर

शाळेत लक्ष नाही. सहावीला क्षेत्रफळ शिकवताना फळ्यावर प्लॉटच काढला.

दोनशे फूट म्हणजे दहा बाय वीसची खोली. बाहेरून वेगळं दार ठेवायचं. आमच्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या मुली संध्याकाळी अभ्यासाला बसतील. मी बारावीला असताना नळाच्या ओट्यावर बसून गणितं सोडवली, बायका भांडी घासत होत्या त्यांच्या शेजारी. कोणाला तरी तसं बसावं लागू नये. एवढंच.

६ नोव्हेंबर

बाबा काही ठरवत नाहीत. मार्चमध्ये रिटायर. उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं. पीएफ एकदाच येणार, म्हणून मी तिसऱ्यांदा हिशोब दाखवला.

"समोरची लाइन बरी वाटते मले," म्हणाले.

"काहून पण? फुटामागं दोनशे बत्तीस रुपये जास्त!"

"रस्त्यावरून दिसते."

दिसते! हे काय कारण झालं? मी म्हटलं, बाबा, सूर्य काय कोणाचं दार बघून उगवतो? म्हणाले, "तू शिकेल आहेस. तू म्हनशील ते."

जिंकले मी. मग झोप का लागू नये?

८ नोव्हेंबर

आईनं सदर बाजारात पोत मोडली, टोकनच्या पंचवीस हजारासाठी. सोनारानं घट धरली तेव्हा मी तावातावानं ग्रॅमचा भाव काढायला लागले. आई म्हणाली, "राहू दे वो पोट्टी, सगळंच नको मोजू."

९ नोव्हेंबर, रविवार

टोकन दिलं. शिशिर भैयानं आधार कार्ड मागितलं, मोठ्यानं वाचलं — शामराव खोब्रागडे — आणि टेबलावर नकाशा पसरून शेवटच्या ओळीतल्या एका चौकोनात पेन्सिलीनं आडनाव लिहिलं.

शेजारच्या चौकोनात मेश्राम. त्याच्या शेजारी गजभिये. मग रामटेके, ढोके, परत मेश्राम. सगळी ओळ. वरच्या ओळींत शोधलं — आपलं एकही नाही.

मी विचारलं, हे असं कसं? तो सहज म्हणाला, वाईट वाटावं असं काही बोलतोय हे त्याच्या गावीही नव्हतं, "आप लोग वास्तु मानते नहीं न दीदी. तो उधर आप ही लोगों का जमता है."

बाबांनी नकाशा पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

१० नोव्हेंबर

आईला विचारलं. भाकरी थापता थापता सांगितलं तिनं. गोंदियाकडच्या आमच्या गावात आपली घरं दक्षिणेच्या टोकाला. गावावरून आलेला वारा आपल्याकडे चालतो, आपल्यावरून गेलेला गावात चालत नाही, म्हणून. आजोबांचं दारही तिकडेच उघडायचं. "तुह्या बाबानं रायपूर धरलं ते त्यासाठीच. आता बोलत नाहीत. पोरीचा हिशोब चुकला नाही तर बोलू काय, म्हणतात."

चुकला नाही. ४३५.६ बरोबर, ९१८ बरोबर. मी जे मानत नाही त्याची सूट घेतली आणि बापाला परत दक्षिणेला नेऊन बसवलं.

१२ नोव्हेंबर

खोलीचं मनातून काढून टाकलं. म्हणजे काढतेय. बाबांना म्हटलं, समोरच्या ओळीतला घेऊ, वरचे पन्नास हजार मी पगारातून भरीन. ते एकदम "हव" म्हणाले. इतक्या लवकर हो म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

"पहली लाइन तो पूरी बुक हो गई, बाबूजी."

नकाशा उलटा ठेवला होता. मी सुलटा केला. पहिल्या ओळीत तीन चौकोन कोरे.

"ये फोन पे बुक हैं दीदी, नाम बाद में चढ़ेगा."

टोकन परत मागितलं तर, देखेंगे. बाबा त्याला नमस्कार करून बाहेर आले. नमस्कार कशाला केला? विचारलंच नाही.

१९ नोव्हेंबर

शाळेतल्या अपर्णा पाध्येला सगळं सांगितलं. म्हणाली, असेलही बुक, उगाच मनाला लावून घेऊ नको. मग स्वतःच म्हणाली, रविवारी येते तुझ्याकडे. त्या प्लॉटवाल्याचा नंबर काढून ठेव.

असेलही बुक. असावंच, असं चार दिवस घोकतेय.

२३ नोव्हेंबर, रविवार

अपर्णानं शिशिर भैयाला फोन लावून स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, फोन स्पीकरवर. "पहली लाइन में तीन खाली हैं मैडम. ग्यारह सौ पचास चल रहा है, आपको ग्यारह सौ में दे देंगे."

बाबा समोरच बसले होते. त्यांनी माझी वही उचलली, मागचं पान काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हा बी भाव लिही," म्हणाले. "अन् चाल त्याच्याकडं, गाडी काढतो."