टर्बोसाठी जागा

२ फेब्रुवारी, रविवार

घरच्या गाडीचं जुनं इंजिन आज उतरवलं. म्हातारं, खोकणारं, चढ दिसला की रडणारं. त्या जागी जादा दमाचं टर्बोवालं बसवणार. भंगारवाल्याकडून आणलंय. उघडायचं, नवं करायचं, बसवायचं. दोन रविवार पुरेत.

बायको म्हणाली, तोवर मी लॅबमध्ये कामाला कशाने जायचं? म्हटलं, बसने. दोन बस बदलाव्या लागतात, म्हणाली. म्हटलं, दोन बस आणि दोन रविवार, हिशेब सरळ आहे. ती उठून बसच्या वेळा बघायला लागली. कौतुकाच्या आधी असंच होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

इंजिन पूर्ण उघडलं. उघडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. नट-बोल्ट सगळे एकाच बादलीत ठेवले, म्हणजे हरवायला नकोत.

मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. पांढरी गाडी, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, आयुष्यात स्वतःच्या हाताने बोनेट उघडलेलं नाही. बादलीत डोकावून म्हणाला, भावोजी, कुठला बोल्ट कुठला त्याच्या चिठ्ठ्या लावायला हव्या होत्या. म्हटलं, ज्यांच्या डोक्यात काही राहत नाही त्यांना चिठ्ठ्या लागतात.

तो गेल्यावर बादली उपडी केली. एक स्प्रिंग कसली ते कळेना. कंपन्या उगाच काहीबाही घालून ठेवतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल इंजिनचा ब्लॉक आतून तासून घ्यायला, म्हणजे बोअर करायला, टाकला. मशीनशॉपवाला माणूस नाही, भिंत आहे. म्हणाला, रिंगा-पिस्टन आणून द्या, बाकी माझ्यावर सोडा. मी सोडणाऱ्यातला नाही. त्याच्या खांद्यावरून वाकून एकेक सूचना दिली. शेवटी त्याने मला बाहेरच्या स्टुलावर बसवलं आणि दाराला आतून कडी घातली. आपलं पितळ उघडं पडेल या भीतीने माणसं अशी वागतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन रविवारांचं काय झालं, असं बायकोने विचारलं. म्हटलं, कुठले दोन ते मी कुठे बोललो होतो?

मग तिने खरी गोष्ट काढली. लॅबची दुसऱ्या शहरात शाखा आहे. वर्षभर तिथे जाल का, असं तिला विचारलंय. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी उत्तर द्यायचंय. म्हणाली, तिथे राहायची जागा लॅबला लागून आहे. इथली सकाळ मला झेपत नाही, बसमध्ये उभं राहून पाय सुजतात. गाडी आली तर नाही म्हणेन. नाही आली तर जाईन.

धमकी. सरळसरळ धमकी. मी धमक्यांना भीक घालत नाही.

पिस्टनच्या रिंगा मात्र लगेच बसवायला घेतल्या. दोन तुटल्या. हल्ली मालात दम राहिलेला नाही.

८ मार्च, शनिवार

इंजिन गाडीत उतरलं! चेन-पुलीने, एकट्याने. साखळीच्या आवाजाबद्दल वरच्या मजल्यावरचा टकल्या गॅलरीतून ओरडला. मीही ओरडलो. त्याने माझा उद्धार केला, मी त्याच्या कुळाचा केला. मोकळं वाटलं.

टर्बो एसीच्या कॉम्प्रेसरला घासतो. कॉम्प्रेसर काढून टाकला. बायकोचं उन्हात डोकं दुखतं, पण काचा खाली होतात की. हवेला कोणी अडवलंय?

९ मार्च, रविवार

मागची सीट काढली. वजन कमी. तिथे बसायचं कोण? मेहुणा. हा वेगळा फायदा.

१५ मार्च, शनिवार

टर्बोचा पाइप नेमका बॅटरीच्या जागेतून जातो. बॅटरीला दुसरं घर हवं. अर्धा दिवस डोकं खाजवलं आणि मग सुचलं. एका बाजूला मी बसणार, तर तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला वजन हवंच. शेजारची सीट काढली. बॅटरी आणि टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरची पाण्याची टाकी तिथे बोल्टने कसून टाकली. देखणं काम. फोटो मेहुण्याला पाठवला, जळू दे जरा. त्याचं उत्तर आलं, ताई कुठे बसणार? याला वजनाच्या तोलातलं काही कळत नाही, आणि तोंड मात्र सगळीकडे घालायचं.

काढलेली सीट हॉलमध्ये ठेवली. संध्याकाळी बायको लॅबमधून आली, चप्पलसुद्धा न काढता तिच्यात बसली आणि मान मागे टेकून डोळे मिटले. चहा गार झाला तरी उठली नाही. सीट परत बसवणार ना, असं विचारलं, तर म्हटलं, सगळं आपापल्या जागी बसणार. एकूण प्रोजेक्टबद्दल तिला आपुलकी वाटू लागलीय.

२२ मार्च, शनिवार

सेल्फ मारला. फट्‌कन आवाज आणि काळा धूर, टकल्याच्या वाळत घातलेल्या शर्टांवर. स्पार्क प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या होत्या. वायरी बनवणाऱ्याने रंग वेगळे द्यायला नकोत?

बायकोने धूर बघितला आणि खिडकी लावून घेतली. शुक्रवार जवळ येतोय, एवढंच म्हणाली. तिच्यावर मी कधी नव्हे तो ओरडलो. तिने परत आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. रिकाम्या घराचा विचार आला की रात्री उठून बसतो. पेट्रोलच्या वासाने असेल.

२८ मार्च, शुक्रवार, दुपार

लागलं! लागलं! इंजिन गुरगुरतंय. टर्बोची शिट्टी ऐकून रस्त्यावरचे दोघे थांबले. सरळ लॅबच्या दारात जातो. तिने उत्तर द्यायच्या आत गाडी तिच्यासमोर उभी. मग बघू कोण कोणाला सोडून जातं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वेळेवर पोचलो. वाटेत मेहुण्याच्या गाडीसारख्या तीन पांढऱ्या गाड्या मागे टाकल्या.

ती बाहेर आली. आधी आवाज ऐकला, मग मला बघितलं, आणि हसली. तिला असं हसताना मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. सोबतच्या बाईला म्हणाली, आज मला न्यायला आलेत. जवळजवळ धावतच आली. दार उघडलं.

बॅटरीकडे बघितलं. टाकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी म्हटलं, टाकी मजबूत आहे, पुढच्या वेळी उशी आणतो.

ती म्हणाली, साहेब वरच आहेत. आजच उत्तर द्यायचं होतं, पण ‘नाही’ म्हणता यावं म्हणून मी उद्या सकाळपर्यंत वेळ मागून आले होते. मला वाटलं, आधी गाडी डोळ्यांनी बघावी. बघितली.

दार हळूच लावलं आणि परत वर गेली. मी खाली थांबलो. उतरली ती बसस्टॉपकडे गेली. बस आली. मी बसच्या मागेमागे घरापर्यंत आलो. ओव्हरटेक करता आलं असतं.

६ एप्रिल, रविवार

ती गेली. सामान मेहुण्याच्या गाडीत. मी म्हटलं, मी सोडतो. मेहुणा निदान टोमणा तरी मारेल असं वाटलं होतं. त्याने बॅगा ठेवल्या आणि तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. नालायक.

नंतर खाली जाऊन इंजिन सुरू केलं. पहिल्या सेल्फला लागलं. कुठे खटखट येतेय का, म्हणून बोनेटवर कान ठेवून बराच वेळ उभा होतो. कुठेच काही नाही.