कूलरला हात लावण्याआधी

बाबा, आज अकोल्यात आमचा कूलर बाहेर काढला. जुन्या ताट्या फेकल्या, नवा वाळा भरला, पत्र्याचा गंज घासला आणि मग तुम्ही करायचे तेच नाटक केलं. नवरा म्हणाला, "झालं हिचं सुरू!" म्हणू दे. गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीत एक बाई चालू कूलरमध्ये पाणी भरत होती, ओल्या फरशीवर, अनवाणी. ती चिकटली. तिला ओढायला नवरा धावला, तोही चिकटला. शेजाऱ्यानं मेन पाडला म्हणून दोघं वाचली. माझी पोरगी नऊ वर्षांची आहे आणि दुपारभर घरात ती आणि माझी सासू, दोघीच. सासूबाईंना अजून वाटतं, घडीघडी बंद केल्यानं कूलरची मोटर जळते.

बडनेऱ्याचं आपलं रेल्वे क्वार्टर. तुम्ही वायरमन. उन्हाळा लागला की कूलर खिडकीत बसायच्या आधी तुम्ही तो रिकामा डबा दोन्ही हातांनी धरता, डोळे फिरवता, अंगभर थरथरता, आणि मी स्टुलावर चढून मेन पाडायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अवो, काहून भेव दाखवता लेकराले!" पहिल्या वेळी मी सात वर्षांची होते. भोकाड पसरून तुमच्या कमरेला मिठी मारली. तुम्ही थरथरणं थांबवलं आणि फाडकन थोबाडीत दिली. "काहून आली माह्याजवळ? आता तू बी मेली. तुह्या मायले कोन सांगन?" एरवी तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या थपडेचा राग मी वर्षानुवर्षं धरला, खरं सांगते.

मी पोरीला मारलं नाही. नीट समजावलं: प्लग काढल्याशिवाय पाणी नाही, पायात रबरी चप्पल, आणि कुणी चिकटलंच तर त्याला शिवायचं नाही, आधी मेन, मग शेजारच्या काकूंना हाक. मेन उंचावर आहे, म्हणून खाली लाकडी पायरी ठोकून घेतली. करंट गळला की आपोआप पडणारा स्विचही बसवला, पण त्याच्या भरवशावर राहणार नाही. सासूबाईंकडून सगळं तीनदा म्हणवून घेतलं. त्या चिडल्या, "मी का लायनं लेकरू आहो वं?" म्हटलं, "नाही ना. म्हणून तर लेकरू तुमच्यापाशी सोडून जाते मी."

मग मी कूलर धरून थरथरले. पोरीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ धावली, पायरीवर चढली, मेन पाडला आणि दारात जाऊन अशी किंचाळली की काकू कणकेच्या हातांनी आल्या. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. अगदी बरोबर केलं दोघींनी. आता उन्हाळाभर दर रविवारी हे करायचं, नवऱ्यानंसुद्धा. हसायचं तेवढं हसून घे म्हणावं.

हे पाठवायचं कुठं? घडी करून माझ्याच पर्समध्ये राहील. पण घरात कुणाला बोलले नाही ते तुम्हाला सांगते. पोरीला शाब्बास म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. जे शिकवलं ते तिनं चोख केलं, आणि तरी तिनं आधी माझ्याकडं धावत यावं असं मला वाटलं, बाबा. फार वाटलं.